जहांगीरचं फुकट आणि रांगोळीचं फुकट

गेल्या आठवड्यात आपल्या गावच्या सभागृहाच्या बुकिंगच्या खिडकीवर गेलो होतो. कुठलं सभागृह ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. नाव लिहीत नाही, कारण खिडकीतल्या माणसाची यात काही चूक नाही. अर्ज साधाच होता. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस गावातल्या चित्रकारांचं आणि रांगोळी काढणाऱ्यांचं प्रदर्शन, प्रवेश विनामूल्य. त्यांनी दरपत्रक उघडलं, बोट फिरवत फिरवत खाली आले आणि एका ओळीवर थांबले. 'प्रदर्शन व विक्री'. म्हणजे ड्रेस मटेरियलच्या सेलला आणि चादरी-बेडशीटच्या 'शेवटचे तीन दिवस'वाल्यांना जो दर लागतो तोच आम्हाला.

म्हटलं, "साहेब, आमच्याकडे विक्री नाहीये."

"पण प्रदर्शन आहे ना?"

"अहो, रांगोळी विकणार कशी? जमिनीवरची?"

ते हसले. म्हणाले, "मग सांस्कृतिक कार्यक्रमात टाकू का? पण त्याला तीन तासांचं सत्र आहे."

तीन तासांत रांगोळीतल्या माणसाचा चेहरा सोडा, कपाळसुद्धा होत नाही.

हा किस्सा आपल्या गावच्या ग्रुपवर टाकला, तर बऱ्याच जणांनी हसून सोडून दिला. पण एका सद्गृहस्थांनी लिहिलं, 'फुकट प्रदर्शन भरवता म्हणजे दर्जा यथातथाच असणार, मग पालिकेने सवलत कशाला द्यायची?' त्यांच्यावर माझा राग नाही. फुकट म्हणजे हलकं, ही समजूत आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात असते. पण उत्तर द्यायला बसलो आणि ते एवढं लांबलं की कमेंटमध्ये मावेना. म्हणून ही पोस्ट. जरा मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी दर्जाचं बघू.

राजा रविवर्म्यांकडून बडोद्याच्या सयाजीरावांनी चौदा पौराणिक चित्रं करून घेतली. १८९०च्या सुमारास ती तयार झाली. राजवाड्यात टांगण्यापूर्वी काही दिवस ती बडोद्यात लोकांना बघायला खुली ठेवली होती. अख्ख्या मुंबई इलाख्यातून माणसं लोटली. त्या चित्रांचे फोटो देशभर खपले, आणि पुढे चारच वर्षांत, १८९४ मध्ये, रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत निघाला. आपल्या आज्यांच्या देवघरातली लक्ष्मी आणि सरस्वती तिथून आली. लोकांना चित्रं बघायची असतात का, या प्रश्नाचं उत्तर तेव्हाच मिळालं होतं. तिथं खर्च महाराजांनी केला होता, एवढं फक्त लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी सुरू झाली १८८८ साली. सुरुवातीला तो मुख्यतः साहेबांचा मामला होता. इथले अधिकारी, त्यांच्या मडमा, हौशी जलरंग, घाटातली निसर्गदृश्यं. त्यात हळूहळू आपली माणसं शिरली. कोल्हापूरहून जे. जे.त शिकायला आलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांना १८९५ साली सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. पुढच्याच वर्षी गणपतराव म्हात्रे नावाच्या विद्यार्थ्याने 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प केलं आणि तेही तिथे गाजलं. हातात पूजेचं साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली नऊवारीतली बाई. म्हणजे आपल्या आळीतली कुणीही. साहेबांच्या प्रदर्शनात ती येऊन उभी राहिली. मला हे शिल्प त्यातल्या कौशल्याइतकंच या गोष्टीसाठीही आवडतं.

मग १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया निघाली. इथल्या चित्रकारांना आपली भिंत हवी होती, ती त्यांनी उभी केली. १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीने अमृता शेरगिल यांच्या 'तीन मुली' या चित्राला सुवर्णपदक दिलं. त्या मुली आज अभ्यासक्रमात आहेत. तेव्हा त्या वार्षिक प्रदर्शनातल्या इतर चित्रांच्या ओळीत टांगलेल्या होत्या.

आता माझे आवडते दोघे. एक मकबूल फिदा हुसेन, जन्म आपल्या पंढरपूरचा. मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे, पुढे लहान मुलांच्या खोल्यांसाठी फर्निचर आणि खेळणी करायचे. १९४७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांचं 'सुनहरा संसार' लागलं आणि लोकांनी विचारलं, हा कोण? दुसरे कृष्णाजी हौळाजी आरा. सिकंदराबादजवळच्या बोलारमचे. पोरवयात मुंबईला आले, घरगडी म्हणून राबले, मोटारी धुतल्या. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. चित्रकला मुख्यतः आपली आपणच शिकले. फुलदाण्या, फळं, उघडी शरीरं अशी चित्रं काढायचे, आणि रंग असा लावायचे की चित्र दुरूनही आऱ्यांचं म्हणून ओळखू यावं.

हे दोघे, सुझा, रझा, गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे, असे सहा जण मिळून प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप. सुझा साळगावचे गोंयकार, जे. जे.मधून काढून टाकलेले. बाकरे पुढे विलायतेला गेले आणि म्हातारपणी परत येऊन कोकणात मुरुड-हर्णैला राहिले. ग्रुपचं पहिलं प्रदर्शन ७ जुलै १९४९ रोजी रॅम्पार्ट रोवरच्या सोसायटीच्या सलॉनमध्ये उघडलं, उद्घाटनाला मुल्कराज आनंद. म्हणजे भर पावसाळ्यात. माझ्या डोळ्यासमोर नेहमी ओल्या छत्र्या येतात. दाराशी ठेवलेल्या छत्र्यांचं पाणी फरशीवर वाहतंय आणि आत ही भडक चित्रं. हे कुठे वाचलेलं नाही, माझं मीच रंगवलेलं आहे.

यातलं कुणीही तेव्हा मोठं नव्हतं. ते 'स्थानिक कलाकार' होते. आपल्या सद्गृहस्थांनी तेव्हाही विचारलं असतं, दर्जा काय?

पण इथे मला स्वतःलाच थांबवावं लागतं. कारण नुसतं 'बघा, मोठे मोठे असेच पुढे आले' म्हणणं सोपं आहे. खरा प्रश्न खिडकीवर विचारला गेला होता, तो भाड्याचा. बघणाऱ्याला फुकट असलं तरी भिंत कुणाला तरी विकत किंवा भाड्याने घ्यावीच लागते. मग या सगळ्या काळात भाडं कोण भरत होतं?

कधी महाराज. कधी साहेबांच्या क्लबाची वर्गणी. चाळीसच्या दशकात काही अगदी अनपेक्षित माणसं. हिटलरच्या तावडीतून सुटून मुंबईत आलेले वॉल्टर लँगहॅमर, टाइम्समध्ये कलासमीक्षा लिहिणारे रुडी फॉन लायडन, चित्रं विकत घेणारे श्लेसिंगर. यांच्या ओळखी आणि त्यांचे पैसे. आणि एक चौकटींचं दुकान! केकू गांधींचा 'केमोल्ड' हा फ्रेमचा धंदा. चौकटी विकण्यासाठी त्यांनी दुकानात या नव्या पोरांची चित्रं लावायला सुरुवात केली. माणूस यायचा आजोबांच्या फोटोला फ्रेम करायला आणि समोर आऱ्यांची फुलदाणी किंवा हुसेनची बाई. नंतर १९६३ साली त्यांनी जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड काढली. वॉर्डन रोडला भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये नाममात्र पैशांत चित्रकारांना काम करायला जागा मिळायची. गिरगावच्या चाळीत राहिलेले गायतोंडे तिथे रंगवत बसायचे. बाल छाबडांनी १९५९ मध्ये गॅलरी ५९ काढली. ती फार चालली नाही.

या सगळ्यांत थोरलं काम १९५२ साली झालं. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ पैसे दिले आणि काळ्या घोड्याजवळ जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली. हेब्बर आणि होमी भाभा यांनी त्यासाठी खटपट केली होती. भाभा म्हणजे अणुशक्तीवाले तेच, ते स्वतः चित्रं काढायचे. एका बापाच्या दुःखातून शहराला भिंत मिळाली, आणि दारात तिकीट ठेवलं नाही. आजही नाही.

माझ्यासारख्याला तरी त्याने आत जायला लगेच धीर आला, असं नाही. दहावीच्या आधी, एलिमेंट्री-इंटरमिजिएट दोन्ही बी ग्रेडमध्ये काढल्याच्या जोरावर, मी एकटा व्ही.टी.ला उतरून चालत गेलो होतो. पायऱ्यांपाशी पोचलो आणि बाहेरच अर्धा तास उभा राहिलो. पायात स्लीपर होत्या. आत जाणारी माणसं इंग्रजी बोलत होती. कुणी अडवत नव्हतं, पण कुणी 'ये' असंही म्हणत नव्हतं. बाहेर फुटपाथवर पोरं पेन्सिलीने माणसांचे चेहरे काढत होती, चित्रं रेलिंगला टेकवून ठेवली होती, तिथेच बघत बसलो. शेवटी जोराचा पाऊस आला म्हणून आत गेलो. आत कसली चित्रं होती ते आठवत नाही. गार फरशी आठवते, आणि चित्राखालची किंमतीची चिठ्ठी. ती वाचून मी दोन पावलं मागे सरकलो होतो, चुकून हात लागू नये म्हणून.

ती चिठ्ठी मला खूप वर्षांनी समजली. जहांगीरला प्रवेश फुकट आहे, त्यात दात्याचं मोठेपण आहेच. पण गॅलरी म्हणून बघितलं तर कापडाच्या दुकानात शिरायलाही तिकीट नसतं. चित्र विकायचं असतं, म्हणून बघणं फुकट. आणि भाडं? ते चित्रकार भरतो. आठवडाभराच्या भिंतीसाठी वर्षानुवर्षं रांगेत थांबतो, फ्रेम करतो, टेम्पो करून चित्रं आणतो, पत्रिका छापतो, आठवडा संपला की उरलेली चित्रं टेम्पोतून परत. माझ्या ओळखीच्या एका चित्रकाराचं त्या आठवड्यात काहीही विकलं गेलं नाही. त्याने पीएफमधून काढलेले पैसे गेले. प्रेक्षक फुकट बघून गेले, 'छान' म्हणून वहीत लिहून गेले. मीही त्यातलाच एक.

हे गॅलरीचं फुकट. याला मी वाईट म्हणत नाही. यातूनच अनेक घरं चालली. आरा स्वतः मोठे झाल्यावर रॅम्पार्ट रोवरच्या आर्टिस्ट्स सेंटरच्या कामात शेवटपर्यंत राहिले, नव्या पोरांना भिंत मिळावी म्हणून. ज्याने मोटारी धुतल्या त्याला दाराबाहेरचा माणूस दिसत असणार.

आणि आता दुसरं फुकट. त्याच्याबद्दल कुठल्या जाड पुस्तकात फारसं नाही, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो.

माझा मामा परळला गिरणीत साचाखात्यात होता. दिवाळीच्या सुट्टीत महापालिकेच्या शाळा रिकाम्या असायच्या. मंडळवाले चावी मिळवायचे, वर्गातले बाक व्हरांड्यात रचून ठेवायचे, फरशी धुऊन पुसून घ्यायची, आणि एकेका वर्गात दोन-दोन, तीन-तीन रांगोळ्या. लालबाग-परळ-गिरगावात वाढलेल्यांना हे सांगायची गरज नाही. इतरांसाठी सांगतो: ही दारातली ठिपक्यांची रांगोळी नव्हे. ही माणसांची चित्रं. शिवाजी महाराज, बाबासाहेब, गाडगेबाबा, लताबाई, त्या वर्षी गाजलेला क्रिकेटवाला, त्या वर्षी गेलेला पुढारी. गुणवंत मांजरेकरांसारख्या रंगावलीकारांनी हा प्रकार एवढा वर नेला की फोटो कुठला आणि रांगोळी कुठली यावर बघणाऱ्यांच्या पैजा लागायच्या.

मामाचं काम मी रात्री बसून बघितलेलं आहे. आधी फोटोवर चौकटी आखायच्या. मग सुतळीला खडूची पूड चोळून ती फरशीवर ताणायची आणि मधे टिचकी मारायची, की सरळ रेघ उठते. तशा फरशीवर चौकटी. शिरगोळ्याची पांढरी रांगोळी वस्त्रगाळ करून तिच्यात लेक कलर मिसळायचे, एकेका रंगाच्या सात-आठ छटा वाट्यांतून मांडून ठेवायच्या. गालाची गोलाई आणायची तर चहाच्या गाळणीतून, बोटाने हळू टिचक्या मारत, रंग वरून पडू द्यायचा. वरून खाली येत काढायचं, म्हणजे काढलेलं पुसलं जात नाही. डोळ्यातला पांढरा ठिपका सगळ्यात शेवटी. तो पडला की फरशीवरचा माणूस बघायला लागतो. हे सगळं पंखा बंद ठेवून. ऑक्टोबरच्या उकाड्यात, साठच्या बल्बखाली, बनियनवर, रात्रभर. घामाचा थेंब पडू नये म्हणून कपाळाला टॉवेल बांधलेला. शिंक आली तर उठून व्हरांड्यात पळायचं! एकदा मांजर शिरलं आणि अर्धे टिळक घेऊन गेलं. मामा काही बोलला नाही, पुन्हा चौकटी आखायला बसला.

सकाळपासून रांग. सुतळीच्या दोरीमागून बघायचं. बायका कडेवर पोरं घेऊन, म्हातारे, दुसऱ्या पाळीला जाणारे कामगार डबा हातात धरून. चप्पल बाहेर काढा असं कुणी सांगत नव्हतं, लोक आपसूक काढायचे. मी जहांगीरच्या पायऱ्यांवर स्लीपरमुळे अडकलो तो हाच मुलगा, इथे अनवाणी पहिल्या रांगेत घुसायचा. आत काय बोलायचं असतं हे इथे सगळ्यांना माहीत होतं. "नाक जरा चुकलंय" हे एखादी आजी मोठ्याने म्हणायची आणि मामा कोपऱ्यातून ऐकायचा. एवढी रोखठोक कलासमीक्षा मला पुढे कुठे भेटली नाही.

आणि विकायला काही नव्हतं. विकताच येत नाही. चिठ्ठी लावायची कुठे? शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सगळं झाडूने गोळा करायचं. सगळे रंग एकत्र झाले की एक मातकट रंग होतो. मामा तो पोत्यात भरून ठेवायचा, पुढच्या वर्षी फरशीवरच्या पहिल्या थराला वापरायला. म्हणजे या वर्षीच्या महाराजांच्या खाली मागच्या वर्षीच्या लताबाई असायच्या.

मग इथे भाडं कोण भरायचं? मंडळाची वर्गणी, दाराशी ठेवलेली पेटी, आणि मुख्य म्हणजे शाळा. महापालिकेची जागा. मंडळाच्या पोरांना चावी मिळायची, बाक जागेवर लावून फरशी धुऊन द्यायची, एवढ्यावर काम भागायचं. कामगार कल्याण केंद्रांत स्पर्धा व्हायच्या, तिथेही जागा सार्वजनिक. ज्याला आपण आज 'सवलत' म्हणतो तिला तेव्हा कुणी सवलत म्हणत नव्हतं. सुट्टीत वर्ग रिकामे आहेत, तर वापरा.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले बहुतेक परत आत गेले नाहीत. मामाही नाही. परळची खोली विकून तो आपल्या गावात आला. तेव्हा स्टेशनच्या पूर्वेला भातशेती होती. इथे त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या, रिक्षांच्या मागे नावं लिहिली, आणि तिसऱ्या की चौथ्या दिवाळीत इथल्या शाळेची चावी मिळवली. आपल्या गावातलं पहिलं रांगोळी प्रदर्शन ते. गावातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, पाण्यावरची रांगोळी बघायला किती गर्दी झाली होती. गिरणगाव मोडलं तेव्हा माणसं विखुरली आणि जाताना हेही बरोबर घेऊन गेली.

तिकडे काळ्या घोड्याला १९९९ पासून नऊ दिवसांचा महोत्सव भरतो. तोही फुकट, खर्च प्रायोजकांचा. ज्या घोड्यावरून चौकाला नाव पडलं तो १९६५ मध्येच राणीच्या बागेत गेला, आणि २०१७ साली तिथे स्वाराशिवायचा नवा घोडा आला. महोत्सवाला मी दर दोन-तीन वर्षांनी जातो. गर्दी एवढी असते की चित्रापेक्षा मोबाइल जास्त दिसतात, पण स्लीपर घातलेली पोरं रस्त्याच्या मधोमध उभी राहून बघत असतात, हे मला बरं वाटतं.

आता परत खिडकीवर येऊ.

शाळा आता मिळत नाहीत. सुरक्षा, परवानग्या, फरशीवर नव्या टाइल्स, कारणं खरी आहेत. म्हणून सभागृह. सभागृहाचा खर्चही खरा आहे, वीज आहे, सफाई आहे, माणसांचे पगार आहेत. पण दरपत्रकात फुकटच्या दोन्ही जाती एकाच ओळीत कोंबल्या आहेत, आणि ती ओळ दुकानदाराची आहे. ज्याला चार दिवसांत माल खपवायचा आहे त्याला तो दर परवडतो. ज्याला चार दिवसांनी झाडू मारायचा आहे त्याने तो कुठून वसूल करायचा?

आमच्या गटातही एकमत नाही, तेही सांगून टाकतो. रांगोळीवाले म्हणतात, 'विक्री नाही' असं स्पष्ट लिहा म्हणजे दर कमी होईल. पण तरुण चित्रकार मुलं म्हणतात, आमची चित्रं भिंतीवर आहेत, कुणी मागितलं तर आम्ही का नाही द्यायचं? तुमची रांगोळी पुसली जाते म्हणून आमचं पोट का मारता? बरोबर आहे त्यांचं. एखाद्या मुलीने काढलेलं आपल्या खाडीचं जलरंगातलं चित्र कुणी हौसेने घेतलं, तर त्याने सभागृहात चादरींचा सेल लागला असं होत नाही. मी आधी रांगोळीवाल्यांच्या बाजूचा होतो. त्या मुलीशी बोलल्यावर बदललो. जहांगीरच्या फुकटाला नावं ठेवून आमच्या मुलांचं भलं होणार नाही.

म्हणून अर्जात आम्ही शेवटी असं लिहिलं: दरपत्रकात 'स्थानिक कलाप्रदर्शन, प्रवेश विनामूल्य' अशी एक वेगळी ओळ घालावी. दर सत्राचा नको, दिवसाचा असावा, आणि आदल्या रात्री काम करायला आत थांबू द्यावं. कलाकाराने स्वतःचं काम विकलं तर त्याला हरकत नसावी, दुसऱ्याचा माल आणून विकायला मनाई असावी. सफाईची अनामत घ्यावी आणि फरशी जशीच्या तशी मिळाली की परत करावी. खिडकीतल्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, "ओळ घालणं माझ्या हातात नाही, पण आदल्या रात्रीचं मी वॉचमनशी बोलतो." मी म्हटलं ना, त्यांची चूक नाही.

अर्ज आता वरच्या टेबलावर आहे. सह्यांचा कागद स्टेशनसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवला आहे, रविवारपर्यंत. मामाचे हात आता थरथरतात, तो काढणार नाही. पण रंग वाटायला येतो म्हणालाय, आणि ते मातकट पोतं अजून त्याच्या गॅलरीत आहे.

परवानगी मिळाली तर तारीख इथेच टाकतो. याल तेव्हा लक्षात ठेवा, आत पंखे बंद असतील. रुमाल आणा.